पश्चप्रकाश, दूरचित्रवाणी संचातील

द्रव स्फटिकी दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यामागे बसविलेल्या व पडद्यातील चित्र दृश्यमान करणाऱ्या प्रकाश उद्‌गमास पश्चप्रकाश म्हणतात. व्यवहारात व दुरुस्तीच्या धंद्यात तो ‘बॅकलाइट’ या नावानेच ओळखला जातो. द्रव स्फटिकी पडदा स्वतः प्रकाश देत नाही. मागून येणारा प्रकाश कोठे किती जाऊ द्यावयाचा, एवढेच काम तो करतो. त्यामुळे पश्चप्रकाश बंद पडला की, चित्र तयार होत असूनही ते दिसत नाही. ध्वनी चालू आहे पण पडदा काळा आहे, ही आजच्या सपाट संचांतील एक अतिशय नेहमीची तक्रार याच कारणाने उद्‌भवते. अशा संचातील सर्वांत महाग भाग, म्हणजे पडदा, बहुधा सुस्थितीत असतो व बिघडलेला भाग त्या मानाने अगदी स्वस्त असतो. तथापि हा भेद न ओळखल्यामुळे संच निकालात काढला जाण्याचा संभव असतो. पश्चप्रकाशाचा इतिहास हा म्हणूनच केवळ एका प्रयुक्तीच्या विकासाचा इतिहास नाही. दुरुस्तीची विद्या, तिचे कारागीर व वस्तूचे आयुष्य यांत झालेल्या बदलांचाही तो इतिहास आहे.

पूर्वपीठिका : दूरचित्रवाणीच्या पहिल्या काही दशकांत पश्चप्रकाशाचा प्रश्नच नव्हता. त्या काळातील संच चित्रनलिकेवर, म्हणजे एका प्रकारच्या ऋण किरण नलिकेवर आधारलेले होते. नलिकेच्या मागील टोकाकडून येणारा इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आतील बाजूवरील फॉस्फर द्रव्याच्या लेपावर आदळे आणि लेप त्या त्या ठिकाणी उजळे. चित्र व प्रकाश या दोन गोष्टी तेथे एकाच जागी व एकाच क्रियेने निर्माण होत. रंगीत नलिकेस २० ते २५ हजार व्होल्ट इतका विद्युत् दाब लागे. तो पुरविणारे रोहित्र, तसेच झोत आडवा व उभा फिरविणारी मंडले हे भाग वारंवार बिघडत आणि कारागिराचे बरेचसे कौशल्य त्यांभोवती गुंफलेले होते. नलिका जुनी झाली म्हणजे चित्र हळूहळू मंद होई. क्वचितच ते एकाएकी नाहीसे होई.

भारतात दिल्ली येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले व मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी कार्यान्वित झाले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपणास प्रारंभ झाल्यानंतर संचांचा प्रसार झपाट्याने वाढला. त्याबरोबर रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर दूरचित्रवाणीकडे वळले आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून या विषयाचे शिक्षण मिळू लागले. पुष्कळ संचांबरोबर मंडलाची आकृती मिळत असे व सुटे भाग बाजारात सहज उपलब्ध असत. या पिढीची दोषनिदानाची रीत पडद्यावर काय दिसते यावरून आत काय बिघडले हे ओळखण्याची होती. एकच आडवी रेघ दिसली तर उभ्या दिशेचे मंडल गेले, हा तिचा परिचित नमुना होय. पडदा सर्वस्वी काळा असेल तर या रीतीस आधार उरत नाही. द्रव स्फटिकी संचांनी नेमकी हीच अडचण पुढे आणली.

द्रव स्फटिकी पडदा : ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख राइनिट्सर यांना १८८८ मध्ये कोलेस्टेरिल बेंझोएट या पदार्थाचा अभ्यास करीत असता द्रव स्फटिकी अवस्थेचा शोध लागला व जर्मन भौतिकीविज्ञ ऑटो लेमान यांनी तिचा पुढे सखोल अभ्यास केला. या पदार्थांचा उपयोग चित्र दाखविण्यासाठी करण्याची कल्पना मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. अमेरिकेत जॉर्ज हाइलमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये आरसीए कंपनीच्या वतीने द्रव स्फटिकी दर्शक जाहीर केला. त्यानंतर स्वित्झर्लंडमध्ये मार्टिन शाट व व्होल्फगांग हेल्फ्रिख यांनी पिळदार रेणुरचनेचा दर्शक सिद्ध केला (१९७०–७१). दोन ध्रुवणकारी पटलांच्या मध्ये द्रव स्फटिकाचा पातळ थर ठेवून विद्युत् दाबाने रेणूंची मांडणी बदलली असता प्रकाशाची वाट उघडते वा मिटते, हे त्याचे तत्त्व आहे. प्रत्येक चित्रबिंदूसाठी स्वतंत्र ट्रँझिस्टर योजण्याची पद्धत टी. पीटर ब्रॉडी यांच्या गटाने १९७०–८० या दशकाच्या प्रारंभी वेस्टिंगहाउस कंपनीत विकसित केली. जपानच्या शार्प कंपनीने १९८८ मध्ये १४ इंची रंगीत पडदा सादर केला आणि भिंतीवर टांगता येईल असा संच शक्य असल्याचे दिसून आले.

घड्याळे व गणनयंत्रे यांतील दर्शकांना खोलीतील प्रकाश परावर्तित करून भागविता येत असे. रंगीत चित्रास ते शक्य नव्हते. पहिल्या ध्रुवणकारी पटलातच निम्म्याहून अधिक प्रकाश शोषला जातो. लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांमध्ये उरलेल्यापैकी सु. दोन-तृतीयांश नाहीसा होतो. ट्रँझिस्टर व तारा यांनी व्यापलेली जागा आणखी काही प्रकाश अडविते. परिणामी मागून सोडलेल्या प्रकाशाचा एक-दशांशाहूनही कमी भाग प्रेक्षकापर्यंत पोहोचतो. म्हणून चित्र ठळक दिसावयाचे तर पश्चप्रकाश अतिशय प्रखर असावा लागतो, आणि प्रखरतेबरोबर उष्णता ही ओघानेच येते. पश्चप्रकाशाच्या पुढील सर्व दोषांचे मूळ या साध्या हिशेबात आहे.

शीत ऋणाग्र दिवे : द्रव स्फटिकी संचांच्या पहिल्या पिढीत पश्चप्रकाशासाठी शीत ऋणाग्र अनुस्फुरक दिवे वापरले गेले. घरगुती ट्यूबलाइटच्याच जातीचे, परंतु केवळ काही मिमी. व्यासाचे हे लांब काचनलिका दिवे असत. त्यांत अल्प प्रमाणात पारा असे आणि त्याच्या बाष्पातून निघणाऱ्या जंबुपार किरणांनी नलिकेतील फॉस्फर लेप उजळे. दिवा पेटविण्यास हजाराहून अधिक व्होल्ट व तो तेवत ठेवण्यास काहीशे व्होल्टांचा उच्च कंप्रतेचा प्रत्यावर्ती प्रवाह लागे. तो निर्माण करणाऱ्या मंडलास इन्व्हर्टर म्हणत. मोठ्या संचात असे दहा-वीस दिवे समांतर मांडलेले असत.

या रचनेतील दोष दोन ठिकाणी उद्‌भवत. दिवे जुने झाल्यावर प्रकाश तांबूस व मंद होई; त्यांपैकी एखादा निकामी झाला की, संरक्षक मंडल सर्वच दिव्यांचा पुरवठा तोडी आणि चित्र क्षणभर दिसून नाहीसे होई. दुसरे ठिकाण इन्व्हर्टर व शक्तिपुरवठा यांचे. त्यांतील रोहित्रांची वेटोळी जळत आणि विद्युत् विच्छेद्य प्रकारची धारित्रे, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील कपॅसिटर, फुगून निकामी होत. २००० सालाच्या आसपासच्या काही वर्षांत सदोष विद्युत् विच्छेद्याची धारित्रे जगभरच्या इलेक्ट्रॉनीय उपकरणांत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली होती. त्यामुळे डोके फुगलेले धारित्र बदलणे हा त्या पिढीतील दुरुस्तीचा पहिला धडा ठरला. द्रव स्फटिकी संचांची जागतिक विक्री २००७ च्या अखेरीस चित्रनलिकेच्या संचांहून अधिक झाली व ही दुरुस्ती गावोगाव पोहोचली.

पाऱ्याचा उपयोग हे या दिव्यांचे वैगुण्य होते. यूरोपीय संघाने विद्युत् व इलेक्ट्रॉनीय उपकरणांतील घातक द्रव्यांवर घातलेले निर्बंध १ जुलै २००६ पासून अंमलात आले. २०१३ मध्ये स्वीकृत झालेल्या व १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झालेल्या मिनामाता करारात दर्शकांतील अशा दिव्यांचा स्वतंत्र उल्लेख असून त्यांच्या लांबीनुसार पाऱ्याची मर्यादा ठरवून दिलेली आहे. तोपर्यंत पर्यायी उद्‌गम सिद्ध झाला होता.

प्रकाश-उत्सर्जक डायोडचा स्वीकार : अर्धसंवाहकातून विद्युत् प्रवाह गेला असता प्रकाश निघतो, हे इंग्रज अभियंते हेन्री राउंड यांनी १९०७ मध्ये नोंदविले होते. अमेरिकेत निक होलोन्यॅक यांनी १९६२ मध्ये लाल दृश्य प्रकाश देणारा डायोड तयार केला. पांढऱ्या प्रकाशासाठी निळ्या डायोडची आवश्यकता होती आणि तो बनविण्यास आणखी तीन दशके लागली. जपानमध्ये इसामू आकासाकी व हिरोशी आमानो यांनी नागोया येथे, तसेच शुजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीत गॅलियम नायट्राइडावर केलेल्या कार्यामुळे १९९०–२००० या दशकाच्या पूर्वार्धात प्रखर निळा डायोड उपलब्ध झाला. या कार्यासाठी तिघांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या डायोडवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिल्यास पांढरा प्रकाश मिळतो. अशा डायोडचे उत्पादन १९९६ मध्ये सुरू झाले.

सोनी कंपनीने २००४ मध्ये लाल, हिरवे व निळे असे तीन प्रकारचे डायोड पश्चप्रकाशासाठी वापरलेला संच बाजारात आणला. तो अतिशय महाग होता. पांढऱ्या डायोडची किंमत उतरल्यावर २००९ पासून सॅमसंग व अन्य उत्पादकांनी पडद्याच्या कडांना डायोड बसविलेले, जाडीने कमी असलेले संच मोठ्या प्रमाणावर विकण्यास प्रारंभ केला. त्यांना ‘एलईडी टीव्ही’ हे नाव पडले. या नावाने आजतागायत एक गैरसमज टिकवून ठेवला आहे. चित्र एलईडी दाखवितात असे ग्राहकास वाटते. प्रत्यक्षात पडदा पूर्वीप्रमाणेच द्रव स्फटिकी असून बदलला आहे तो केवळ त्यामागील दिवा. हा गैरसमज दूर होणे ही दोषनिदानाची पहिली पायरी आहे.

रचना : एलईडी पश्चप्रकाशाच्या दोन प्रमुख मांडण्या आहेत. कडेच्या मांडणीत पडद्याच्या एका किंवा अधिक कडांना एलईडींची पट्टी असते व तिचा प्रकाश पारदर्शक प्लॅस्टिकच्या प्रकाशवाहक पट्टातून सर्वत्र पसरविला जातो. थेट मांडणीत पडद्यामागील पत्र्यावर अनेक आडव्या वा उभ्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक एलईडीवर प्रकाश फाकविणारे छोटे प्लॅस्टिकचे भिंग चिकटविलेले असते. पट्ट्यांच्या भोवती पांढरा परावर्तक कागद, त्यापुढे जाड विसरक पत्रा, त्यावर लोलकाकृती पृष्ठाचे व विसरण करणारे पातळ पापुद्रे आणि सर्वांत पुढे काचेचा द्रव स्फटिकी पडदा असा क्रम असतो.

सर्वसाधारण पांढऱ्या एलईडीस सु. ३ व्होल्ट लागतात. एकाच आवरणात दोन चकत्या एकसर जोडलेल्या असल्यास सु. ६ व्होल्ट लागतात. अनेक एलईडी एकसर जोडून त्यांची माळ करतात. उदा., प्रत्येकी ३ व्होल्टच्या २४ एलईडींची माळ असल्यास तिला ७२ व्होल्ट द्यावे लागतात. हा दाब चालक मंडल शक्तिपुरवठ्यातील कमी दाबापासून वाढवून तयार करते. हे मंडल दाब स्थिर न राखता प्रवाह स्थिर राखते, कारण एलईडीवरील दाब थोडा वाढला तरी तिच्यातील प्रवाह फार वाढतो. माळेच्या वाटेत लहान मूल्याचे संवेदक रोधक बसवून त्यांवरील दाबावरून प्रवाहाचे मापन होते. प्रवाह ठराविक मर्यादेबाहेर गेल्यास वा मुळीच न वाहिल्यास मंडल स्वतःस बंद करते.

दोष व त्यांची कारणे : एलईडी हा दीर्घायुषी उद्‌गम म्हणून प्रसिद्ध आहे आणि योग्य तापमानात ती प्रसिद्धी खरी ठरते. संचातील परिस्थिती मात्र वेगळी असते. एलईडीस दिलेल्या ऊर्जेचा मोठा अंश उष्णतेत रूपांतरित होतो व ती उष्णता पट्टीतून मागील पत्र्याकडे जावी लागते. किंमत कमी राखण्यासाठी एलईडींची संख्या कमी करून प्रत्येकीतून अधिक प्रवाह नेला, ॲल्युमिनियमऐवजी काचतंतूची पट्टी वापरली किंवा संच कारखान्यातूनच कमाल तेजस्वितेवर ठेवून पाठविला, तर एलईडीचे तापमान वाढते व आयुष्य घटते. जाडी कमी करण्याच्या स्पर्धेत हवा खेळण्यास जागाही कमी उरते.

दोषांचे पुढील प्रकार आढळतात : (१) एलईडीतील सूक्ष्म तार वा डाखाचा सांधा तुटून माळ खंडित होणे, एकसर जोडणीमुळे एका एलईडीचा दोष संपूर्ण माळ विझवितो. (२) एलईडी आतून लघुमंडलित होणे. ती एकटी विझते, इतर पेटतात, परंतु माळेचा दाब उतरतो व काही संचांत संरक्षक मंडल कार्य करते. (३) फॉस्फर थराचा ऱ्हास होऊन चित्र निळसर वा जांभळट दिसणे. (४) उष्णतेने गोंद सुटून भिंग गळून पडणे. त्या ठिकाणी पडद्यावर पांढरा प्रखर ठिपका दिसतो. (५) पट्ट्यांमधील जोडण्या सैल होणे वा काळवंडणे. (६) चालक मंडल वा शक्तिपुरवठा यांतील बिघाड. या वेळी पट्ट्या निर्दोष असतात.

दोषनिदान : पडदा काळा असताना प्रथम दोष पश्चप्रकाशाचा आहे की नाही हे ठरवावे लागते. यासाठी उपकरण लागते ते केवळ हातातील विजेरीचे. अंधाऱ्या खोलीत संच चालू करून, ध्वनी येत असताना, विजेरी पडद्याशी टेकवून तिरकस धरली व बारकाईने पाहिले तर अंधूक चित्र किंवा सूचीची अक्षरे हलताना दिसतात. ती दिसल्यास पडदा व चित्रनिर्मितीचे मंडल ठीक असून दोष पश्चप्रकाशात आहे, असे अनुमान निघते. काहीच न दिसल्यास निर्णय घाईने करू नये. पडद्याचा पुरवठा, मुख्य मंडल यांचीही तपासणी करावी लागते. संच सुरू होताच क्षणभर उजळून काळा होत असेल, तर पश्चप्रकाशाचे संरक्षक मंडल कार्य करीत असल्याचा तो पुरावा असतो. शीत ऋणाग्र दिव्यांच्या काळातील कारागिरास हे लक्षण परिचित होते. दिवे बदलले तरी लक्षण तेच राहिले.

दुसरी पायरी पट्टी व चालक मंडल यांतील दोषी कोण हे ठरविण्याची आहे. चालक मंडलाच्या निर्गमावरील एकदिश दाब संच सुरू करतेवेळी मोजतात. दाब नेहमीपेक्षा वर चढून लगेच उतरला, तर मंडल प्रयत्न करीत असून माळ खंडित असल्याचे समजते. दाब मुळीच चढला नाही, तर मुख्य मंडलाकडून पश्चप्रकाश सुरू करण्याचा संकेत येतो की नाही व शक्तिपुरवठा मिळतो की नाही हे पाहतात. संकेत व पुरवठा दोन्ही असूनही दाब चढत नसल्यास दोष चालक मंडलात शोधावा लागतो.

तिसरी पायरी पट्ट्यांच्या स्वतंत्र परीक्षणाची. त्यासाठी मर्यादित प्रवाह देणारा व माळेनुसार आपोआप दाब वाढविणारा एलईडी परीक्षक वापरतात. कारागिरांत हे स्वस्त साधन सर्वत्र रूढ झाले आहे. पडदा न काढता केवळ जोडणीच्या तारांतून संपूर्ण माळ तपासता येते, हा त्याचा मोठा फायदा आहे. मल्टिमीटरच्या डायोड परीक्षणात ३ व्होल्टची एकेक एलईडी मंद पेटू शकते. ६ व्होल्टची एलईडी मात्र पेटत नाही व म्हणून ती निकामी आहे असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. परीक्षकावर दिसणारा दाब हा उपयुक्त पुरावा आहे. वरील उदाहरणातील माळ ७२ ऐवजी ६९ व्होल्टांवर पेटली, तर एक एलईडी लघुमंडलित झाली आहे असे समजावे.

दुरुस्ती : पट्ट्यांपर्यंत पोहोचण्यासाठी थेट मांडणीच्या बहुतेक संचांत पडदा काढावा लागतो. या कामातील खरा धोका येथे आहे. पडद्याची काच अतिशय पातळ असते व तिच्या कडेला चिकटविलेल्या लवचिक फितींवर चालक मंडले बसविलेली असतात. काच वाकली किंवा फीत ताणली गेली, तर पडदा कायमचा निकामी होतो आणि काही शे रुपयांच्या दोषापायी सबंध संच जातो. त्यामुळे मोठा पडदा दोन माणसांनी, रबरी चूषकांच्या साहाय्याने, सपाट उचलून सपाटच ठेवावा लागतो. पापुद्र्यांचा क्रम व दिशा नोंदवून ठेवावी. त्यांवर बोटांचे ठसे वा धूळ राहिल्यास ती पुढे चित्रात कायम दिसते.

एकच निकामी एलईडी बदलता येते. तथापि उरलेल्या एलईडी तितक्याच वापरलेल्या असल्याने थोड्या काळाने दुसरी जाते व पडदा पुन्हा काढण्याचा धोका पत्करावा लागतो. म्हणून सर्व पट्ट्या एकदम बदलणे श्रेयस्कर मानतात. नवी पट्टी निवडताना लांबी, एलईडींची संख्या, प्रत्येकीचा दाब व जोडणीची ध्रुवता जुळणे आवश्यक असते. ३ व्होल्टच्या जागी ६ व्होल्टच्या एलईडी बसविल्यास चालक मंडल पुरेसा दाब देऊ शकत नाही. खंडित एलईडी तारेने ओलांडून बाकीच्या पेटविण्याची युक्तीही आढळते; तीमुळे काळी छाया उरते व ती तात्पुरतीच ठरते.

अनुभवी कारागीर पट्ट्या बदलल्यावर प्रवाहही कमी करतात. संवेदक रोधकांवरील दाब चालक मंडल स्थिर राखीत असल्यामुळे रोध वाढविला की, प्रवाह त्या प्रमाणात घटतो, उदा., रोध एक-चतुर्थांशाने वाढविल्यास प्रवाह एक-पंचमांशाने कमी होतो. रोधक समांतर असतील, तर त्यांपैकी योग्य तो काढूनही हेच साधते. तेजस्विता किंचित कमी होते, पण उष्णता घटून एलईडीचे आयुष्य वाढते. संच चालू स्थितीत असताना ग्राहकाने सूचीतील पश्चप्रकाशाची पातळी कमालीवरून खाली आणून ठेवली, तरी याच दिशेचा लाभ कोणत्याही खर्चाविना मिळतो.

सुरक्षितता : शक्तिपुरवठ्यातील मुख्य धारित्रावर संच बंद केल्यावरही तीनशेहून अधिक व्होल्टांचा भार काही काळ राहू शकतो, तो योग्य रोधकातून निचरून मापनाने खात्री केल्यावरच काम करावे. एलईडी माळेचा दाब शंभर व्होल्टांहून अधिक असू शकतो. जुन्या संचातील शीत ऋणाग्र दिवे फुटल्यास पाऱ्याचे बाष्प पसरते. असे दिवे घरगुती कचऱ्यात टाकू नयेत. प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीने विजेरीच्या परीक्षणापुढे जाऊ नये.

कारागीर, बाजारपेठ व कायदा : चित्रनलिकेचा संच दुरुस्त करणाऱ्या पिढीपुढे सपाट संचांनी दोन अडचणी उभ्या केल्या. मंडलाच्या आकृत्या मिळेनाशा झाल्या आणि उत्पादक सुट्या भागाऐवजी संपूर्ण फलक किंवा संपूर्ण पडदा बदलण्याकडे वळले. पडद्याची किंमत नव्या संचाच्या जवळपास जात असल्याने ‘पॅनेल गेले’ हे निदान व्यवहारात संचाचा शेवट ठरते. पश्चप्रकाशाच्या दोषास हे नाव दिले गेले, तर एक चांगला पडदा अकारण भंगारात जातो. स्वतंत्र कारागिरांनी या अडचणीतून आपली वाट काढली. विविध संचांसाठी बदली पट्ट्या, सार्वत्रिक चालक मंडले व परीक्षक यांची मुख्यतः चीनमध्ये निर्मिती होऊ लागली. मुंबईत डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजे पूर्वीचा लॅमिंग्टन रोड, आणि पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाचा परिसर या इलेक्ट्रॉनीय भागांच्या जुन्या बाजारपेठा आहेत. रेडिओच्या काळापासून चालत आलेल्या अशा पेठांमुळेच ही दुरुस्ती उत्पादकाच्या इच्छेवर सर्वस्वी अवलंबून राहिली नाही.

कायद्याने या प्रश्नाची दखल उशिरा घेतली. यूरोपीय संघाचे इलेक्ट्रॉनीय दर्शकांविषयीचे २०१९ चे नियम १ मार्च २०२१ पासून लागू झाले. त्यांनुसार विशिष्ट सुटे भाग अखेरचा नग बाजारात आल्यापासून किमान सात वर्षे व्यावसायिक दुरुस्तीकारांना उपलब्ध ठेवणे उत्पादकास बंधनकारक आहे. त्या भागांत अंतर्गत शक्तिपुरवठा, जोडण्या, मोठी धारित्रे इत्यादींचा समावेश होता. सर्वांत अधिक बिघडणाऱ्या भागांपैकी एक असलेल्या एलईडी पट्टीचा मात्र नव्हता. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून दूरचित्रवाणी संचांवर दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक छापणे आवश्यक झाले. भारतात ई-कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये करण्यात येऊन १ मे २०१२ पासून अंमलात आले. २०१६ मध्ये व पुन्हा २०२२ मध्ये त्यांची नव्याने रचना झाली. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांत दूरचित्रवाणी संचांचा समावेश असून उत्पादकांवर पुनश्चक्रीकरणाची जबाबदारी टाकलेली आहे. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यासंबंधीची माहिती एकत्र देणारी सेवा सुरू केली.

नवे प्रवाह : पश्चप्रकाशाचे तंत्र स्थिरावलेले नाही. निळ्या एलईडींपुढे पुंज ठिपक्यांचा पापुद्रा ठेवून अधिक शुद्ध रंग मिळविण्याची पद्धत २०१३ पासून बाजारात आली. चित्रातील गडद भागांमागील दिवे तेवढेच मंद करण्यासाठी माळेचे अनेक स्वतंत्र विभाग करण्यात येऊ लागले व २०१९ मध्ये टीसीएल कंपनीने पंचवीस हजारांच्या घरात सूक्ष्म एलईडी असलेला संच आणला. अशा फलकात पट्टी बदलण्याची सोपी रीत लागू पडत नाही. दुरुस्ती पुन्हा एकेका एलईडीवर येते किंवा अशक्य होते. दुसरीकडे कार्बनी एलईडींच्या पडद्यात प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असल्यामुळे पश्चप्रकाशाची गरजच नाही. सोनी कंपनीने असा ११ इंची संच २००७ मध्ये व एलजी कंपनीने ५५ इंची संच २०१३ मध्ये विक्रीस आणला. चित्र व प्रकाश पुन्हा एकाच जागी आले. परंतु त्याबरोबर प्रकाशाचा ऱ्हास म्हणजे पडद्याचाच ऱ्हास, ही चित्रनलिकेच्या काळातील स्थितीही परत आली.

या तुलनेत एलईडी पश्चप्रकाशाच्या द्रव स्फटिकी संचाचे एक वैशिष्ट्य उठून दिसते. त्याचा अल्पायुषी भाग व दीर्घायुषी भाग एकमेकांपासून वेगळे आहेत आणि अल्पायुषी भाग स्वस्त आहे. दुरुस्तीच्या दृष्टीने याहून अनुकूल रचना क्वचितच आढळते. ती अनुकूलता प्रत्यक्षात उतरावयाची तर बदली पट्टी मिळाली पाहिजे, संच न मोडता उघडता आला पाहिजे आणि काळ्या पडद्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसास प्रथम विजेरी लावून पाहावी हे ठाऊक असले पाहिजे.